रान उठवणारी शेपटी

जुन्या बागेत आंब्याच्या किंवा करंजाच्या दाट सावलीत काळपट रंगाचा एक पक्षी सारखा गिरक्या घेताना दिसतो. भुवई पांढरी, गळा पांढरा, छातीवर पांढरे ठिपके. लांबी शेपटीसकट जेमतेम १७-१८ सेंटिमीटर. हा नाचण. बघणाऱ्याला तो नाच वाटतो. खरं तर तो पोटापाण्याचा उद्योग आहे.

जरा जवळून बघा. फांदीवर बसल्याबसल्या तो पंख किंचित खाली सोडतो, शेपटी पूर्ण फुलवतो आणि अर्धी गिरकी घेऊन पुढे उडी मारतो. पानाआड दडलेली माशी दचकून उडते. नाचण तिच्यामागे हवेत झेपावतो, वेडीवाकडी कोलांटी घेतो, चोच मिटल्याचा ‘टक्’ आवाज येतो आणि तो पुन्हा फांदीवर. शिकारीच्या हाक्यात हाकारे आरडाओरडा करून रान उठवतात. इथे हाकारा आणि शिकारी एकच.

पण पानाआड सुरक्षित असलेली माशी उडते कशाला? डोळ्यांसमोर गडद-पांढरं काही झपकन हललं, की विचाराला वाव न देता तिची मज्जासंस्था तिला उडवते. बहुतेक शत्रूंपासून हीच सवय तिचा जीव वाचवते. नाचण मात्र हवेतच पकडण्यात तरबेज, त्यामुळे सुटकेची वाट थेट त्याच्या चोचीत जाते. मला यातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते हेच.

शेपटीच्या या करामतीचा पुरावा दूरच्या कोस्टा रिकातून मिळाला. मॉन्टेव्हर्डेच्या जंगलात रोनाल्ड ममी या अभ्यासकाने स्लेट-थ्रोटेड रेडस्टार्ट पक्ष्यांच्या शेपटीतली पांढरी पिसं काळी केली. त्या पक्ष्यांना किडे पकडणं लगेच जड जाऊ लागलं. त्यांचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. तो पक्षी नाचणाच्या कुळातला नव्हे. दोघांनी ही युक्ती स्वतंत्रपणे कमावलेली. नाचणाच्या शेपटीची टोकंही पांढरीच असतात, मधली पिसं तेवढी सोडून. ती याच कामाची असावीत, असं मला ठामपणे वाटतं.

नाचण पाहायला दुर्बीण हवीच असं नाही. तो माणसाला फारसा बुजत नाही. पाच-सात सुरांची त्याची गोड शीळ आली, की झाडाच्या खालच्या फांद्या न्याहाळाव्यात. जंगलात तो बरेचदा इतर छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो. तिथे त्यांच्या हालचालींनी उठलेले किडेही त्याला आयते मिळतात.