दोन लॅपटॉप दिसायला सारखे, घ्यायचा कोणता?



मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली, की घरात लॅपटॉपची मागणी होते. दुकानदार सारखेच दिसणारे दोन पुढे ठेवतो. किमतीत फरक पाच हजारांचा. एवढ्यात डीएपीच्या तीन गोण्या येतात, तेव्हा पारख करूनच पैसे मोजा. बैल घेताना आपण नुसती शिंगे पाहत नाही, दातही पाहतो.

१) प्रोसेसर : हे यंत्राचे इंजिन. इंटेलचा आय५-१२३५यू बाराव्या पिढीचा, तर १३३५यू तेराव्या. दोन्हींत कोअर १० च. कमाल वेग ४.४ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. अभ्यासाच्या नेहमीच्या कामात हा फरक जाणवत नाही. केवळ एवढ्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

२) रॅम : ८ जीबी असेल, तर अनेक कामे एकदम उघडताच यंत्र रखडते. १६ जीबी बरी. काही लॅपटॉपमध्ये रॅम पक्की बसवलेली असते, मागून वाढवता येत नाही. हे आधीच विचारा.

३) साठवण : एसएसडीच घ्या. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क फार संथ चालते.

४) दुरुस्ती : सेवा केंद्र जवळच्या शहरात आहे काय, ते पाहा. अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या.

थोडक्यात, जादा पैसे रॅमसाठी असतील तर द्यावेत, नुसत्या पिढीच्या आकड्यासाठी असतील तर वाचवावेत. मात्र अभ्यासक्रमाला कोणते यंत्र लागते, हे कॉलेजात विचारूनच दुकानाची पायरी चढा.