बंगळूरचें हॉक विमान : नक्कल कीं मूळ ?

पोथी हातीं येतांच ती नक्कल कीं मूळ, हें आम्ही प्रथम पाहतों. युद्धकालीन विमानांसही हीच कसोटी लावावी.

सोलापूरचे शेट वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर सरकारच्या साह्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. एप्रिल १९४१ मध्यें तिजकडे ४८ कर्टिस हॉक लढाऊ विमानांची मागणी आली. पैकीं पहिलें ३१ जुलै १९४२ रोजीं उडालें. पुढें चारच पुरीं होऊन काम थांबलें. ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला होता. नवीं विमानें बांधण्यापेक्षां लढतीं विमानें दुरुस्त करणें निकडीचें ठरलें.

यास कोणी पहिलें हिंदी लढाऊ विमान म्हणेल. परंतु बांधणी येथील असली तरी आराखडा अमेरिकन, म्हणजे ती नक्कलच. मूळ रचना त्याच कारखान्यांत निराळी झाली होती. कोल्हापूरकडील हसूरचंपूचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं आखलेलें दहा आसनांचें, बिनएंजिनाचें ग्लायडर १९४१ मध्यें उडालें. त्याचाही नमुना एकच राहिला. तथापि घाटग्यांच्याच आराखड्याचें एच्‌टी-२ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान १९५१ मध्यें उडालें व पुढें वायुदलांत दाखल झालें.

नकलेनें कारागिरांचा हात बसला, मुळानें परंपरा चालली. सबब दोहोंची नोंद वेगळी ठेवावी, असें आमचें मत आहे.