पोर्श ९४४ टर्बो : टर्बो उघडल्यावर काय दिसतं

स्टुटगार्टमधल्या मित्राची १९८६ ची पोर्श ९४४ टर्बो निळा धूर सोडायला लागली. शेवटी टर्बो काढून उघडलाच.

टर्बोत एकाच शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. एक एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरतं, दुसरं हवा दाबून इंजिनात भरतं. वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्या आसपास! शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. बेअरिंग झिजलं की शाफ्ट डगमगतो, चाक हाउसिंगला घासतं. आम्हाला कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा घासून चकचकीत झालेल्या दिसल्या.

रिबिल्ड किटमध्ये बेअरिंग आणि सील मिळतात. पण बसवण्याआधी शाफ्ट आणि चाकं मशीनवर बॅलन्स करून घ्याच. इथे पैसे वाचवू नका.

अपग्रेड म्हणजे बहुधा मोठं कॉम्प्रेसर चाक. वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण टर्बो उशिरा जागा होतो. रोज शहरात चालवायची असेल तर गाडीचा मूळ के२६ टर्बोच बरा, असं माझं स्पष्ट मत.

एक खास गोष्ट. या गाडीत इंजिन बंद केल्यावरही एक छोटा इलेक्ट्रिक पंप टर्बोत पाणी फिरवत राहतो. तो बंद पडला तर तापलेल्या बेअरिंगजवळ ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. नवा टर्बो बसवण्याआधी तो पंप तपासा.

काही शंका असेल तर बिनधास्त विचारा, फक्त गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा.