बरड जमिनीत, ओलिताशिवाय अश्वगंधा : पेरण्याआधी हे समजून घ्या

नांदगाव पेठ : ओलिताची सोय नाही, जमीन बरड, सोयाबीनचा खर्चही निघत नाही. अशा तुकड्यात काय लावायचं, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला दरवर्षी पडतो. 'औषधी वनस्पती लावा' हा सल्ला मोबाईलवर येतच असतो. पण कोणती, कुठल्या जमिनीत आणि माल घेणार कोण, हे त्यात नसतं.

विनाओलित घेता येईल असं आजमावलेलं पीक म्हणजे अश्वगंधा. मराठीत तिला आस्कंद, ढोरगुंज असंही म्हणतात. बांधावर, पडीत ती आपोआप उगवते. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात तिची शेती अनेक वर्षांपासून पावसावरच होते. मुळांचा मोठा बाजारही नीमचलाच आहे.

ही वनस्पती कमी पाण्यावर येते म्हणण्यापेक्षा तिला जास्त पाणी सोसत नाही, हे म्हणणं जास्त बरोबर. पाणी साचलं की मूळ सडतं. म्हणून भारी काळ्या जमिनीत हिच्या नादी लागू नये, तिथे कपाशी-तूरच बरी. निचऱ्याची हलकी, मुरमाड जमीन पाहिजे. युरियाचा मारा केला तर झाड पाल्याने माजतं, मूळ पोसत नाही.

पेरणीची घाई नको. मृगात पेरलं तर पुढच्या झडीत रोपं जातात. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, ओलीवर पेरतात. फेकून पेरल्यास एकरी 4 ते 5 किलो बियाणं लागतं. बी बारीक असतं, वाळूत मिसळून टाकावं आणि खोल जाऊ देऊ नये. पुढे विरळणी आणि एक-दोन निंदण. जानेवारी ते मार्चमध्ये पानं वाळली, फळं लाल झाली की झाड मुळासकट उपटायचं.

कोरडवाहूत वाळलेली मुळं हेक्टरी साधारण 3 ते 5 क्विंटल, म्हणजे एकरी सव्वा ते दोन क्विंटलच निघतात. लाखोंचे आकडे सांगणाऱ्याला आधी हा हिशेब विचारावा. भावही प्रतीवर ठरतो : जाड, आतून पांढरं, कटकन तुटणारं मूळ वरच्या दरात जातं, बारीक तंतूवालं खाली.

सफेद मुसळीची लाट विदर्भाने पाहिली आहे. बेणं महाग विकलं गेलं, मुळं विकायची वेळ आली तेव्हा भाव कोसळले. त्यामुळे 'माल आम्हीच घेऊ' म्हणणाऱ्याकडून दर, प्रत आणि मुदत लेखी घ्या, पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांवरच भागवा. पानांनाही भाव मिळेल, या बोलण्यावर तर जाऊच नका. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये औषध कंपन्यांना पानं टाळून मुळंच वापरायला सांगितलं आहे. झाडं ओळखायला अकोल्यात कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान पाहता येतं.

ज्याला एक रुपयाही गुंतवायचा नाही, त्याच्यासाठी तरोटा आहेच. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी होते आणि दिवाळीच्या आसपास वाळलेल्या शेंगांचं बी विकता येतं. या बियांपासून दाटपणा आणणारी पावडर बनते. फक्त शेंगा तडकून बी सांडायच्या आत, सकाळच्या दवातच कापणी उरकावी.