मेटॅलिका बदलली, मग दोस्तीचं काय?

१९९६च्या जूनमध्ये 'लोड' हा अल्बम आला, तेव्हा मेटॅलिका या मेटल बँडच्या जुन्या चाहत्यांना गाण्यांच्या आधी फोटोंनीच धक्का दिला. अंतोन कॉर्बाइनने टिपलेल्या त्या फोटोंत लांब केस गायब होते आणि डोळ्यांत काजळ होतं. गाण्यांचा वेग उतरला होता, ब्लूज आणि कंट्रीचे सूर शिरले होते. एकाच बँडवर पोसलेल्या कंपूंमध्ये त्या वर्षी सरळ दोन तट पडले. एकाने अल्बम ऐकायचंच नाकारलं. दुसऱ्याला तो आवडला, तर पहिल्याने त्यालाच फितूर ठरवलं!

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण बँडच्या जन्मातच आहे. १९८१मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका वर्तमानपत्रात डॅनिश पोरगा लार्स उल्रिकने जाहिरात दिली आणि त्यातून जेम्स हेटफिल्ड त्याला भेटला. दोघेही सतरा-अठरा वर्षांचे होते. १९८२ची त्यांची डेमो कॅसेट पसरली ती हातोहात. डबल डेकवर कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवायची, आतल्या कार्डावर बॉलपेनने गाण्यांची नावं लिहायची आणि परगावच्या, कधी न पाहिलेल्या मित्राला पोस्टाने पाठवायची. तो त्याच्याकडची एखादी दुर्मीळ कॅसेट परत पाठवणार. प्रतीवरून प्रत काढताना खरखर वाढत जायची, पण कॅसेट कुणाकुणाच्या हातून आली हे ठाऊक असायचं. रेडिओ या संगीताला विचारत नव्हता. त्यामुळे ज्याच्याकडे ही कॅसेट, तो आपला माणूस, एवढी ओळख पुरायची. उल्रिक स्वतः याच देवघेवीत वाढलेला होता.

'बँड विकला गेला' ही ओरड मात्र 'लोड'च्या कितीतरी आधीची आहे. १९८४मध्ये 'फेड टू ब्लॅक' या गाण्यात अकूस्टिक गिटार वाजली, तेव्हाही काहींनी कपाळावर आठ्या चढवल्या होत्या. १९८९मध्ये पहिला म्युझिक व्हिडिओ आला, पुन्हा तेच. १९९१च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमसाठी तर निर्माता म्हणून बॉब रॉक आला. ज्या मॉटली क्रू बँडची मेटॅलिकाचं वेगवान थ्रॅश मेटल ऐकणारे टर उडवत, त्याच्याच गाजलेल्या अल्बमचा हा निर्माता. गाणी आटोपशीर झाली, एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि आपल्या कंपूची खूण आता शेजारच्या कुणाच्याही घरी वाजू लागली. जुन्या चाहत्याचं दुःख इथे आहे. गाणं वाईट झालं यापेक्षा ते सगळ्यांचं झालं, हे त्याला जास्त लागतं.

हे दुःख मी खोटं मानत नाही. पौगंडात ऐकलेलं संगीत स्मरणात सर्वांत खोल रुजतं. त्यामुळे बँडने वाट बदलली की आपल्या त्या वर्षांनाच कुणीतरी हात लावल्यासारखं वाटतं. पण 'लोड'च्या वेळी हेटफिल्ड आणि उल्रिक बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी अठराव्या वर्षाचा राग जन्मभर वाजवत राहावा, ही अपेक्षा गैर आहे. 'लोड'च्या फोटोंतल्या त्या रूपाबद्दल तर हेटफिल्डने स्वतःच पुढे नाराजी बोलून दाखवली. आपल्याला न पटलेलं बँडमधल्या माणसालाही पटलं नव्हतं, हे चाहत्यांना फार उशिरा कळलं.

दगा झाला असेल, तर तो २०००मध्ये. गाण्यांच्या फुकट देवघेवीवरून मेटॅलिकाने नॅप्स्टर या इंटरनेट सेवेवर खटला भरला आणि ३ मे रोजी उल्रिकने ३,३५,४३५ वापरकर्त्यांची नावं कंपनीच्या दारात नेऊन दिली. कायदा बँडच्या बाजूने होता, हे मान्य. पण कॅसेटच्या प्रती काढून ज्यांनी हा बँड गावोगाव पोचवला, त्यांनाच चोरांच्या यादीत बसवल्यासारखं झालं. केस कापले म्हणून तुटायला नको होतं. यावरून मन तुटलं, तर मी समजू शकतो.

आपल्याकडे तर क्रमच उलटा होता. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवाला गर्दी करणाऱ्या पिढीतल्या अनेकांची मेटॅलिकाशी पहिली गाठ १९९१च्या अल्बमनेच घालून दिली. तिथून ते मागे, १९८३च्या पहिल्या अल्बमपर्यंत गेले. म्हणजे ज्याला कुणी पतन म्हणत होतं, तेच त्यांचं प्रवेशद्वार. ३० ऑक्टोबर २०११ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँड आला, तेव्हा १९८४ची गाणी आणि १९९१ची गाणी एकाच रात्री वाजली आणि दोन्ही तटांचे लोक एकाच मैदानात गात होते.

'लोड'वरून कुणाशी बोलणं थांबलं असेल, तर त्याला घरी बोलवा आणि शेवटचं 'द आउटलॉ टॉर्न' सोबत ऐका. जवळपास दहा मिनिटांचं आहे. सीडीवर मावेना म्हणून शेवट कापावा लागला होता. माझ्या मते ते त्यांच्या उत्तम गाण्यांपैकी एक आहे. त्याला पटलं नाही, तर त्याच्या आवडीची १९८३ची कॅसेट लावा. पण त्याला बोलवाच.