निकाहच्या जुन्या डीव्हीडीची कॉपी काढताय? आधी हे वाचा

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, कुठेही जा. आपल्या घरांतल्या कपाटात किंवा पेटीत डीव्हीडीची दोन-चार पाकिटं सापडतातच. साधारण २००५ ते २०१२ या काळातला निकाह, वलीमा, अकीका, हजला निघालेल्या दादा-दादींचा निरोप, मदरशातली दस्तारबंदी, शाळेचं गॅदरिंग. यातली कित्येक माणसं आज हयात नाहीत. त्यांचा चालता-बोलता चेहरा आणि आवाज फक्त त्या चकतीवर उरला आहे.

ती चकती कायमची नाही. घरी किंवा स्टुडिओत ‘बर्न’ केलेल्या डीव्हीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते. ऊन आणि उष्णतेने तो थर हळूहळू खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पेटी बऱ्याचदा पत्र्याच्या खोलीत असते. म्हणून कॉपी काढणं गरजेचं आहेच. पण कॉपी काढूनही चित्र धूसर, फुटलेलं दिसतं अशी तक्रार पालकांकडून आम्ही नेहमी ऐकतो. ते का होतं आणि कसं टाळायचं, ते पाहू.

चित्र खराब कुठे होतं?

डीव्हीडीवरचं चित्र मुळातच दाबून बसवलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. एका साध्या चकतीत ४.७ जीबी मावतात. स्टुडिओवाला किंवा मोबाईलचं दुकान जेव्हा याची ‘छोटी फाईल’ करून देतं, तेव्हा तेच चित्र पुन्हा दाबलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं फिकट होतात ना, तसंच. आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही. मग तुम्ही कितीही महागडा टीव्ही आणा.

म्हणून पहिला नियम एकच: आधी जशीच्या तशी कॉपी, मग हवी तर छोटी फाईल.

जशीच्या तशी कॉपी कशी काढायची?

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, नाहीतर ओळखीतल्या कुणाचा मागून आणा. चकती टाकल्यावर आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. तो पूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी करा. आतल्या एक-एक जीबीच्या फाईली वेगळ्या काढू नका, नाव बदलू नका. किंवा ‘इमगबर्न’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने चकतीची आयएसओ फाईल बनवा. दोन्ही प्रकारांत चित्राला धक्का लागत नाही. व्हीएलसी प्लेअरवर दोन्ही चालतात. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा सुमारे २०० चकत्या मावतात, म्हणजे जागेची चिंता करायचं कारण नाही.

हे फक्त आपल्या घरच्या शूटिंगबद्दल आहे. बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडीला बहुधा कुलूप असतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार, निर्मात्याचा हक्क डावलण्यासाठी ते तोडणं गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नये.

चकती अडकत असेल तर

चकती मऊ सुती कापडाने पुसा, पण गोल-गोल नाही. मधून कडेकडे, सरळ रेषेत. आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकात अडकणारी चकती दुसऱ्यात चालते, असं पुष्कळदा होतं. वाचण्याचा वेग कमी ठेवा. लोडशेडिंगची वेळ टाळा किंवा बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर काम करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या डीव्हीडीवर लिखाण मधून बाहेर जातं. म्हणजे चकती भरलेली असेल तर शेवटचा भाग कडेला असतो आणि बोटांचे डाग, ओरखडे तिथेच जास्त पडतात. शूटिंगच्या शेवटी काय असतं? रुखसती. म्हणून कॉपी झाल्यावर फक्त सुरुवात पाहून समाधान मानू नका. मधला आणि शेवटचा भागही चालवून बघा.

त्याआधीच्या व्हीसीडी असतील तर त्यांची वरची, नाव लिहिलेली बाजूही सांभाळा. व्हीसीडीत माहितीचा थर त्या बाजूच्या अगदी खाली असतो. तिथला ओरखडा पुसून निघत नाही.

मोबाईलसाठी छोटी फाईल

मूळ कॉपी ठेवून झाली, की नातेवाइकांसाठी एमपी-फोर फाईल बनवा. ‘हँडब्रेक’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, १८ ते २० ठेवा. हा आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी.

दुसरी, माणूस हलला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. कारण हे चित्र जुन्या टीव्हीसाठी एक ओळ सोडून एक असं टिपलेलं असतं. त्यासाठी ‘डिइंटरलेस’ किंवा ‘डीकॉम्ब’ चालू करा. मूळ कॉपीला मात्र हा उपाय करायचा नाही.

तिसरी, लांबी-रुंदी ओढून ‘एचडी’ करू नका. नसलेला तपशील त्याने येत नाही, फाईल फक्त फुगते. ‘अ‍ॅनामॉर्फिक’ ऑटोमॅटिकवर राहू द्या, नाहीतर नवरदेव उगाच जाडा किंवा बारीक दिसतो.

चौथी, आवाज. काजीसाहेबांचा खुतबा, नानांची दुआ हे चित्राइतकंच मोलाचं आहे. आवाजाचा दर १९२ च्या खाली नेऊ नका.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर तिथे तो पुन्हा दाबला जातो.

घरातली गोष्ट घरात

आपल्या घरांत बायकांच्या मेहफिलीचं, मेहंदीचं शूटिंग वेगळ्या चकतीवर असतं. ती दुकानात दिली, की दुकानाच्या संगणकावर एक कॉपी राहू शकते. पुढे ती कुणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. या एका कारणासाठी तरी हे काम घरीच शिकून घ्यावं. आठवी-नववीच्या मुली हे एका दुपारी शिकतात, हा आमचा शाळेतला अनुभव आहे.

कॉपी दोन ठिकाणी ठेवा. एक आपल्या घरी, दुसरी बहिणीच्या किंवा मामूंच्या घरी. फोल्डरला नुसतं ‘शादी’ असं नाव देऊ नका. साल, गाव आणि नवरा-नवरीचं नाव लिहा. शक्य झालं तर घरातल्या बुजुर्गांना सोबत बसवून कोण कोण दिसतं ते वहीत उतरवून घ्या. ते चेहरे ओळखणारी माणसंही कमी होत चालली आहेत.

शेजारच्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी साध्या कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांच्या या वेडावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला आणि ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही. त्यांची दखल जगाने घेतली. आपल्या दादीच्या हसण्याची दखल घ्यायला बाहेरून कुणी येणार नाही. ते जपणं आपल्याच हातात आहे. तेव्हा उन्हाळा लागण्याआधी एखाद्या रविवारी ती पेटी उघडा, आणि जी चकती सगळ्यात जुनी आहे तिच्यापासून सुरुवात करा.