जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुनी मोटार नवी करणें म्हणजे तिला रंग देणें, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हें आपण एका उदाहरणानें पाहूं.

इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ पर्यंत 'एम. जी. टी. सी.' ही दोन आसनांची वेगवान मोटार तयार होत असे. तिच्या पोलादी पत्र्याखालीं ॲश वृक्षाच्या लाकडाचा सांगाडा असतो. पत्रा चकाकत असला तरी आंतील लाकूड ओलाव्यानें कुजलेलें असूं शकतें. दार लोंबूं लागलें, कीं ती त्याची खूण समजावी. पत्रे काढण्यापूर्वीं दारांच्या चौकटीस आडव्या पट्ट्या ठोकून आकार कायम राखावा. नाहींतर मागाहून दारें बसत नाहींत.

तिच्या १२५० घन सेंटिमीटरच्या इंजिनाची एक मौज आहे. बोल्टांचे आटे फ्रेंच मेट्रिक पद्धतीचे, परंतु डोकीं इंग्रजी व्हिटवर्थ मापाचीं! ८ मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांत तेथें १ मिलिमीटर अंतर असतें. आजच्या बाजारी बोल्टांत बहुधा १.२५. असा बोल्ट बळेंच पिळल्यास जुने आटे नष्ट होतात. म्हणून काढलेल्या प्रत्येक बोल्टास चिठ्ठी बांधून ठेवावी, असें आम्ही सुचवितों.

रंगाच्या आधीं ब्रेक. ते द्रवाच्या दाबावर चालतात व त्यांतील रबरी भाग कालांतरानें निकामी होतात. ते बदलल्यावांचून गाडी रस्त्यावर आणणें म्हणजे आपला व वाटसरूंचा जीव धोक्यांत घालणें होय. मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें.

सारांश, जें डोळ्यांस दिसत नाहीं तें आधीं. रंग सर्वांत शेवटीं.